शर्टाच्या कानाची खाच

दोनशे मेंढरांतून आपलं मेंढरू नुसतं चाचपून काढणाऱ्या माणसाला पाच-सहा शर्टांतला आपला शर्ट ओळखू येणार नाही? कडूबाला असा प्रश्नच अपमानाचा वाटला असता!

मोतीबिंदू काढायला तो कन्नडकडून शहरात पोराकडं, पुंडलिकनगरात आला होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा मुळातच अधू. कळप टाकून बायकोला, द्वारकाबाईला, काही येता आलं नाही. निघताना तिनं गुलमंडीच्या बाजारातल्या कापडाचा कोरा पांढरा शर्ट त्याच्या अंगात घातला आणि बजावलं, "ह्योच घालून माघारी या. दुसऱ्याचा घालून आलात तर कुत्रं बी वळखायचं नाय!"

त्याला महिना झाला. उद्या सकाळची एसटी होती.

नात श्रेया शाळेसाठी एका इंग्रजी शब्दाचं कूळ शोधत बसली होती. "आजोबा, शर्ट म्हणजे मूळचं कापून आखूड केलेलं वस्त्र. आणि स्कर्ट त्याची सख्खी बहीण. दोघं एकाच घरातले!"

"मंग ताटातूट कशानं झाली गं?"

"तो कमरेच्या वर गेला, ती खालीच राहिली."

कडूबाला एकदम गलबलून आलं. एक इथं तिसऱ्या मजल्यावर, एक तिथं माळावर. बिचाऱ्या शब्दांनाही हे चुकलं नाही!

तेवढ्यात इस्त्रीचा गठ्ठा आला. पोराचे, अंगदचे, कंपनीत घालायचे सगळे पांढरे शर्ट, आणि त्यातच आपला! कडूबा हबकला. पण कळपात कळप मिसळला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कानाला खाच! खाचेचं मेंढरू कुठंही भरकटो, मालकाच्या दारी परत येतं. आता शर्टाला कान नाही, कॉलर आहे. शिवाय ही चीज मुळातच कापून झालेली! अजून बोटभर कापली तर काय बिघडलं?

"श्रेया, कात्री दे बरं."

पहिला चाचपला. ह्योच! कच्च! मग नाकाला लावला. चुलीच्या धुराचा वास नाही. मग ह्यो असंल. कच्च! ह्यालाही नाही! श्रेया वहीतून मान वर काढीपर्यंत पाचही शर्टांचे कान कापून झाले होते, आणि एकालाही द्वारकाबाईचा वास नव्हता.

संध्याकाळी अंगद आला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या, पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलेलं! सकाळच्या घाईत दोरीवरून बापाचाच ओढून गेला होता गडी.

"बाबा, हसू नका! साहेब विचारत होते, कॉलर उंदरानं कुरतडली का?" मग त्याची नजर गठ्ठ्यावर गेली. "अरे देवा! हे पण?"

पण कडूबाचं लक्ष कुठं होतं! पोराच्या मानेवर त्याची बोटं फिरत होती. कॉलरच्या टोकाला खाच होती. नेटकी, कडेनं टाके घातलेली. ही काही त्यानं केलेली नव्हती.

त्यानं श्रेयाला गावाकडं फोन लावायला लावला.

"व्हय, मीच केलती," पलीकडून द्वारकाबाई म्हणाली. "कुठं मिसळला तर घराकडं यावा म्हणून. पण चुकलंच माझं."

"काय चुकलं?"

"शर्टाला कशाला केली! तुमच्या कानाला करायची हुती. महिना झाला, आपलं मेंढरू काय वळंना!"

कडूबाचा हात आपोआप कानाकडं गेला.

श्रेयानं घाईघाईनं कात्री उचलली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.