दशांशांचे मेलेले कर्ज

मुदत संपून कायद्याने मेलेले एक कर्ज गुरुवारी पुन्हा जिवंत झाले.

हे कर्ज वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील एका अधिकाऱ्याच्या क्रेडिट कार्डाचे होते. कचेरीत त्यांना 'दशांश' म्हणत. बँकेने दंडाची रक्कम पुढच्या पूर्ण रुपयावर नेली, म्हणून त्यांनी तत्त्वापोटी भरणेच थांबवले होते. वर्षे लोटली. बँकेने ते देणे भंगाराच्या भावात एका वसुली कंपनीला विकले आणि तिने ते दुसरीच्या गळ्यात मारले.

त्यांचा वकील मेहुणा निर्धास्त होता. "दाजी, हे कोर्टात उभं राहत नाही. फोन आला की ऐकायचं आणि ठेवून द्यायचं." या भरवशावर घरातली शिल्लक बायकोच्या शिवणकामाच्या दुकानाच्या अनामतीसाठी राखून ठेवली गेली.

आता त्याच मेहुण्याच्या हातात कोर्टाची नोटीस होती. "घरातल्या कुणीतरी घोळ घातलाय."

दशांशांनी तपास हाती घेतला. घरात माणसे तीन. त्यांपैकी स्वतःला त्यांनी प्रमाणित वजन मानून बाजूला ठेवले.

"वसुलीवाला आला तेव्हा तू त्याला काय दिलंस?"

"पाणी," बायको म्हणाली. "भांडं परत घेतलं. पावती नाही घेतली, चुकलंच माझं."

ते सासूबाईंकडे वळले. "तुम्ही त्याच्या हातावर काही टेकवलंत?"

"खडीसाखर. घसा बसला होता बिचाऱ्याचा. दिवसभर लोकांना धमकावायचं म्हणजे सोपं का काम?"

"पैसे?"

"जावईबापू, तुमच्या घरात माझ्या हाती पैसे येतात कधी?"

दोन्ही शक्यता बाद झाल्या. मेहुण्याने चष्मा पुसला. "दाजी, तुम्ही काय केलंत?"

"मी भांडलो. त्यांचं चक्रवाढ व्याज साफ चुकलं होतं. लीप वर्षाचा दिवस धरलाच नव्हता."

"म्हणजे त्यांनी जास्त लावलं होतं?"

"कमी लावलं होतं. पण चूक ती चूकच ना."



"मग तुम्ही त्याला समजावून सांगितलंत," मेहुणा हळूच म्हणाला. "तोंडी."

"तोंडी आकड्याला काय किंमत? नीट लिहून दिलं."

मेहुण्याने नोटिशीमागचे पान उलटले आणि मोठ्याने वाचले. "'आपली आकडेमोड सदोष आहे. अचूक देणे सोबत मांडले आहे. तेवढेच फेडीन, पैसाभरही अधिक नाही.' खाली सही. तारीख. आणि हा शिक्का कसला?"

"तपासून प्रमाणित केल्याचा," दशांश पुटपुटले. "सवयीने पडला."

"म्हणजे माझं दुकान लांबलं," बायको म्हणाली.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती? दशांशात सांगा."

दशांशांनी प्रथमच अंदाजे उत्तर दिले.

कारण मात्र निश्चित झाले. मुदत संपलेले देणे फेडण्याचे वचन सहीनिशी लिहून दिले, की ते पुन्हा वसूल करता येते. असे वचन दशांशांनी, कुणीही न मागता, स्वतःच्या हाताने दिले होते.