उन्हाचा बंब

धाकट्याने वहिनीच्या हातातून फोन काढून घेतला आणि भंगारवाल्याला सांगून टाकलं, येऊ नका, ते चालू होणार आहे. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते कसं चालू करायचं, हे आपल्याला ठाऊकच नाही. (विचार त्याच्याकडे नेहमी असाच यायचा, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.)

'ते' म्हणजे गच्चीवरची पेटी. थोरला गेला तेव्हा ती अर्धी राहिली होती. तळाला काळा रंगवलेला पत्रा, त्यावर नागमोडी वाकवलेली तांब्याची नळी, वर खिडकीची जुनी काच. उन्हाने पाणी तापेल, गॅस वाचेल, असं थोरल्याचं म्हणणं. वहिनी रोज तिथेच कपडे वाळत घालायची, आणि पेटीकडे पाठ करून घालायची.

"भाऊजी, एक तर चालू करा, नाहीतर जाऊ द्या," ती म्हणाली. "अर्धवट बघवत नाही मला. रविवारपर्यंत थांबते, मग मीच त्याला बोलावते."

झालं, धाकट्याची झोप उडाली. शाळेशी त्याचं फार लवकर फाटलं होतं. तापलेलं पाणी वर चढतं हेसुद्धा त्याला थोरल्यानेच (टपली मारून) शिकवलेलं. म्हणून त्याने पिंप पेटीपेक्षा उंच ओट्यावर चढवलं आणि नळ्या जोडल्या. कठड्याकडचा एक सांधा तेवढा थोरल्याने आधीच जोडून ठेवला होता, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, वर घट्ट गाठ मारून. नळ, मिक्सर, चष्म्याची काडी, थोरला सगळं त्याच पट्टीने दुरुस्त करायचा.

जोडणी तपासायला बोलावलेला प्लंबर म्हणाला, उन्हात रबर सैल पडेल, कापून क्लिप बसवू. धाकट्याने त्याची कात्रीच काढून घेतली. "ती गाठ दादाने बांधलीय. तिला हात लावायचा नाही."

प्लंबरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेला.

रविवारी सकाळी धाकट्याने पिंप काठोकाठ भरलं आणि थोड्या वेळाने नळी चाचपली. गार. पुन्हा चाचपली. गारच. त्यानंतर हात लावायचा धीर होईना. तो नुसता ढगांवर पहारा करत बसला. ऊन डोक्यावर आलं तशी वहिनी बादली घेऊन वर आली. त्याने तोटी उघडली. फुस्स झालं, चार थेंब पडले आणि संपलं. पिंप रिकामं होतं.

वहिनीने बादली खाली ठेवली आणि फोन काढला.

तेवढ्यात जिना धडधडला. खालच्या मजल्यावरचे काका आले, बनियनसकट ओलेचिंब. गॅलरीत पेपर वाचताना टकलावर थेंब पडले, तेव्हा त्यांना आधी पक्ष्यांचा संशय आला होता. मग धारच लागली. त्यांनी धाकट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

"काका," धाकट्याने मध्येच विचारलं, "पाणी कोमट होतं की गरम?"

"अरे, चटका बसला मला."

"नक्की चटका?"

"टक्कल बघ, लाल झालंय."

धाकट्याने ते टक्कल दोन्ही हातांत धरलं आणि त्याचा मुका घेतला. मग काकांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून तो हमसाहमशी रडायला लागला. काकांना पुढची शिवी आठवेना. वहिनीने जवळ येऊन टकलाला बोट लावलं.

"खरंच तापलंय हो," ती म्हणाली, आणि थोरला गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. फोन तिने परत ठेवून दिला.

पेटी राहिली. गाठही राहिली, ती कापा असं आता कोणीच म्हणत नाही. रोज ऊन चढलं की रबर सैल पडतं, आणि काका आता गॅलरीत टब मांडून दुपारी आंघोळ करतात. वरच्या घरात पाणी पूर्वीसारखंच गॅसवर तापतं. पिंप भरायचं काम तेवढं धाकट्याकडे आहे.

काल काका पुन्हा वर आले, चेहरा गंभीर.

"आज जरा कोमटच होतं," काका म्हणाले. "काच पुसत जा रे अधूनमधून."