दोन देशांच्या चौदा मिरच्या

"सारखी टक लावून लेकराकडं बघू नगंस, बाई. आईचीच नजर पयली लागती," असं मोशीहून दूध घालायला येणाऱ्या गोजाबाईंनी बारशालाच बजावलं होतं. शालनबाईंनी ते हसण्यावारी नेलं. त्या बी.एस्सी. होत्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी दर पाच मिनिटांनी पाळण्यात वाकून, श्वास चालू आहे ना, हे मात्र त्या बघतच.

पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता. यंत्रं एका देशातून येत, ती चालवायची विद्या दुसऱ्या देशातून. शालनबाईंचे यजमान अर्जुनराव तिथल्या प्रयोगशाळेत होते. एका रविवारी मोठ्या साहेबांनी त्यांच्या गळ्यात कामगिरी घातली: एक अमेरिकन तज्ज्ञ आणि एक रशियन, दोघांना घरी चहाला न्यायचं.

"दोघं एकमेकांशी बोलत नाहीत," अर्जुनराव घाम पुसत म्हणाले. "आपली मैत्री दोघांशीही. तेव्हा सगळं सारखं हवं. एकाच्या बशीत चकली जास्त गेली तर दिल्लीपर्यंत कळेल!"

"आणि मोडलेली चकली?"

"ती मी खाईन. देशासाठी."

खुर्च्या एकसारख्या मागून आणल्या. साखर चमचा सपाट करून घातली. पण अमेरिकन साहेबांनी बाळाला उचललं आणि घोटाळा झाला. आता रशियन साहेबांकडेही द्यायला हवं! अर्जुनराव घड्याळ बघत उभे राहिले. तीन मिनिटं याच्याकडे, तीन मिनिटं त्याच्याकडे. चौथ्या फेरीला बाळाने भोकाड पसरलं. तोंड लालबुंद, पाय पोटाशी. दूध पाजायला घेतलं तर मान फिरवली.

"मावशी, बघा हो, हा दूधच घेत नाही!" त्या बी.एस्सी. बाजूला ठेवून मागच्या दाराकडे धावल्या. तिथे गोजाबाई रिकामी चरवी न्यायला आल्या होत्या.

"नजरच ही. आन मीठ-मिरच्या."

"सात?"

"दोन देशांची नजर सातांत भागतीय व्हय? चौदा घे!"

"दोघांच्या सारख्याच घ्या हो!" बाहेरून अर्जुनराव ओरडले.

गोजाबाईंनी सात अमेरिकेच्या नावाने ओवाळल्या, सात रशियाच्या, आणि एकदम शेगडीत टाकल्या. दोन खोल्यांचं घर. धूर असा कोंडला की चकल्या दिसेनाशा झाल्या. अमेरिकन साहेबांनी पावसात फुगून बसलेली खिडकी ढकलली. हलेना. रशियन साहेबांनी शेजारी खांदा लावला. धाडकन ती उघडली आणि अमेरिकन साहेब थेट बाहेर अंगणात! रशियन साहेबांनी तांब्याभर पाणी शेगडीत ओतलं, शालनबाईंच्या कडेवरचं बाळ घेतलं आणि खिडकीतून अलगद बाहेर दिलं. अमेरिकन साहेबांनी झेलून खांद्यावर टाकलं. बाळाने भला दांडगा ढेकर दिला आणि खुदकन हसलं.

शालनबाई खिडकीला धरून बघतच राहिल्या. ज्यांचं आपसात पटावं म्हणून जगभर बैठका चालतात, ती दोन माणसं त्यांच्या पायरीवर एकाच टॉवेलाने डोळे पुसत होती. एकच तांब्या आळीपाळीने तोंडाला लावत होती. घड्याळ कुणी बघत नव्हतं. एवढं मोठं जग, आणि आपल्या लेकराच्या ढेकरासाठी खिडकीच्या दोन बाजूंना उभं राहिलं!

"एवढा ठसका लागला म्हंजी ह्यांची नजर न्हवतीच," गोजाबाईंनी निकाल दिला. "दोगंबी मनानं निर्मळ."

"मग कुणाची?"

गोजाबाईंनी आणखी सात मिरच्या घेतल्या, "आईची" म्हणून ओवाळल्या आणि त्याच शेगडीत टाकल्या. ठसका नाही, वास नाही, काही नाही.

निखारे मघाशीच विझलेत, हे शालनबाईंना दिसत होतं.

"बघ! कवापास्नं सांगतीया! आता दिवेलागणीपत्तूर त्याच्याकडं बगायचं न्हाई."

तेव्हापासून शालनबाई पाळण्याकडे पाठ करून बसल्या आहेत. पाहुणे गेले, बाळ झोपलं, अर्जुनराव पाहुण्यांना पोचवायला गेले. घरात चिटपाखरू नाही. म्हणून त्या मान न वळवता तुम्हालाच विचारताहेत:

"अहो, तुम्ही तर परके. तुमची नजर काही लागायची नाही. जरा पाळण्यात वाकून बघता? श्वास चालू आहे ना त्याचा?"