पिवळा दिवा विचाराधीन

महिपत नागवेकर यांनी सरकारी कचेरीत उभे आयुष्य काढले आणि त्यातला बराचसा भाग साहेबांच्या दारावरच्या दिव्याकडे बघण्यात काढला. लाल दिवा लागला की आत जायचे नाही आणि हिरवा लागला तरी जायची घाई करायची नाही, कारण हिरवा दिवा लावून साहेब बहुधा मागच्या दाराने निघून गेलेले असत. हे शास्त्र कुठल्याही परीक्षेला नव्हते. ते नागवेकरांनी स्वतः विकसित केले होते आणि त्याच्याच जोरावर ते अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

त्यामुळे ठाण्याला नोकरी करणाऱ्या वेदिकाने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, आवाजावर चालणारा एक स्पीकर घरी पाठवला, तेव्हा नागवेकर अजिबात गांगरले नाहीत. नारळाच्या करवंटीएवढे ते यंत्र होते. त्याचे नाव सखी. त्याला मराठी येत होते. 'सखी' अशी हाक मारली की कडेने निळा दिवा उजळायचा आणि आतली बाई उत्तर द्यायची. त्यांच्या पत्नी विमलाबाई पहिल्याच दिवशी तिच्याशी आमसुलाच्या साराबद्दल बोलू लागल्या. नागवेकरांना हे पसंत पडले नाही. नवीन अधिकारी रुजू झाला की आधी त्याचा स्वभाव पाहावा, एकदम तोंड उघडू नये, हा त्यांचा नियम होता.

आठवडाभरात तो स्वभाव दिसला. नागवेकरांनी यंत्रावरची धूळ पुसली आणि कडेने लाल दिवा लागला.

"रागावल्या," नागवेकर हळूच म्हणाले.

"कोण?"

"सखीबाई. काल तू त्यांच्यासमोर माझ्या भावाला शिव्या घातल्यास. ऐकलं त्यांनी."

त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत अत्यंत सभ्य बोलणे सुरू झाले. "अहो, जेवायला येता ना?" "हो हो, आलोच. कष्ट घेतलेत." बांगडे तळताना मधले दार बंद होऊ लागले. पुढे विमलाबाईंनी फडके मारले, नकळत वरचे बटण दाबले गेले आणि लाल दिवा गेला. नागवेकरांनी याचे श्रेय सभ्यपणाला दिले. लाल दिवा म्हणजे यंत्राचे कान बंद, एवढाच त्याचा अर्थ होता आणि इतके दिवस ते दोघे एका ठार बहिऱ्या वस्तूसमोर साखर पेरत होते, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पण आपले शास्त्र सिद्ध झाले, हे मात्र ठाऊक झाले.

मग एका सकाळी पिवळा दिवा लागला. मंद व्हायचा, उजळायचा, पुन्हा मंद व्हायचा.

पिवळ्याचा अनुभव नागवेकरांच्या पदरी नव्हता. कचेरीत पिवळा दिवा नव्हताच. विमलाबाई म्हणाल्या, "अहो, तिलाच विचारते ना."

"खबरदार! प्रकरण विचाराधीन असताना संबंधित पक्षाशी परस्पर संपर्क साधायचा नसतो."

"अहो, ती आपल्या घरातली आहे."

"म्हणूनच!"

नागवेकरांनी खालच्या मजल्यावरच्या फारुकभाई मुकादमांना बोलावले. फारुकभाई सोसायटीचे सेक्रेटरी. बरीच वर्षे जहाजावर काढलेली, त्यामुळे बंदरातल्या दिव्यांवर त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी वाकून यंत्र न्याहाळले आणि चष्मा काढला.

"नागवेकर, हा इशारा हाय. पिवळा म्हणजे सावकाश. काहीतरी समोरून येतंय."

"काय येतंय?"

"ता कळला असता तर दिवा कशाला लावला असता?"

हे उत्तर नागवेकरांना इतके पटले की त्यांनी लगेच घरातली गती कमी केली. जिना सावकाश, चहा सावकाश. विमलाबाईंना माहेरी पावसला जायचे होते, ते पुढे ढकलले गेले. पलीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका नम्रताबाई यांचे मत वेगळे पडले. पिवळे पडणे म्हणजे अशक्तपणा, यंत्राला कोवळे ऊन द्यावे, असे त्या म्हणाल्या. मतभेद झाल्यामुळे समिती नेमणे भाग पडले. समितीत तिघेही आले. जिच्या घरात दिवा लागला होता त्या विमलाबाईंकडे चहाचे काम आले.

समितीने पहिल्या बैठकीत अंतरिम उपाययोजना ठरवली. यंत्र झाकू नये, कारण पुरावा झाकला जाईल. हलवू नये, कारण जागा बदलेल. त्याच्यासमोर कोणीही बोलू नये, कारण ते ऐकते. त्याच्याशी कोणीही बोलू नये, कारण ते उत्तर देईल आणि मग त्या उत्तरावर कार्यवाही करावी लागेल. शेवटचा मुद्दा नागवेकरांचा होता आणि तो एकमताने मंजूर झाला.

विमलाबाई स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, "वेदिकाचा फोन नाही आला ओ. अशी राहत नाही ती."

"कामात असेल."

"गेल्या खेपेला काही सांगायचं म्हणत होती. तुम्ही म्हणालात, विचार करून सांग. तिने सांगायच्या आधीच!"

"मग करत असेल विचार," नागवेकर म्हणाले आणि पुन्हा दिव्यासमोर जाऊन बसले.

शनिवारी दुपारी समितीची बैठक ऐन रंगात आली होती. अर्थात कुजबुजत. फारुकभाई आणि नम्रताबाई यांच्यात पिवळा आणि केशरी यातल्या फरकावर वाद पेटला होता. दोघांनाही घसा फोडून ओरडायचे होते आणि नियमामुळे ओरडता येत नव्हते, म्हणून दोघांचेही चेहरे दिव्यापेक्षा अधिक रंग दाखवत होते. तेवढ्यात विमलाबाई ट्रे घेऊन आल्या. आतापर्यंत त्यांनी किती चहा केला होता याला गणती नव्हती. त्यांनी ट्रे टेबलावर आदळला आणि खणखणीत आवाजात विचारले,

"सखी, कशाला गो पेटलीस?"

समिती गोठली. निळा दिवा उजळला.

"तुमच्यासाठी वेदिकाचा एक निरोप आहे. ऐकवू?"

"ऐकव बाय."

आणि खोलीत वेदिकाचा आवाज आला. जरा घाबरलेला.

"आई, बाबा, फोनवर बाबा बोलू देत नाहीत म्हणून इथे सांगते. मला लग्न करायचंय. स्वरूप त्याचं नाव. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं रत्नागिरीला येतोय. बाबांना त्याला भेटायचं असेल तर स्टेशनवर या. तुम्ही दिसला नाहीत, तर मी काय ते समजेन. घरी येऊन तमाशा करणार नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ."

पिवळा दिवा विझला.

"सकाळची गाडी कधीच आली," फारुकभाई पुटपुटले. मग एकदम उठले. "चला नागवेकर! रिक्षा बघतो."

रिक्षा स्टेशनच्या चढाला लागली तेव्हा नागवेकर पहिल्यांदाच "जरा जोरात घ्या" म्हणाले. विमलाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवले होते. त्यापेक्षा शिव्या बऱ्या, असे नागवेकरांना वाटले. काय सांगायचे पोरीला? कार्यबाहुल्यामुळे विलंब झाला? निरोप वेळेत प्राप्त झाला नाही? आयुष्यभर वापरलेली सगळी वाक्ये त्यांनी मनात चालवून पाहिली. एकही उभे राहीना.

फलाटाच्या टोकाच्या बाकावर दोघे बसले होते. वेदिकाचे डोळे सुजले होते. शेजारचा मुलगा कागदातला थंड झालेला वडा तिच्यापुढे धरून बसला होता आणि ती खात नव्हती.

"आम्ही नाही येणार असं नव्हतं गं," नागवेकर म्हणाले. "दिवा कळला नाही."

"कुठला दिवा?"

"पिवळा. समिती नेमली होती."

वेदिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, विचारायचं ना!"

"कोणाला?"

"तिलाच! नाहीतर मला!"

नागवेकरांनी या सूचनेवर विचार केला. ती त्यांना फार क्रांतिकारक वाटली. तेवढ्यात स्वरूप उठून त्यांच्या पाया पडला. नागवेकरांच्या ओठांवर सवयीने 'विचार करू' आले. त्यांनी विमलाबाईंकडे पाहिले. तो चेहरा वाचायला समितीची गरज नव्हती.

"गाडी राहू दे," ते म्हणाले. "घरी चला. कालवण आहे."

वेदिका तेव्हा कुठे रडली, विमलाबाईंच्या खांद्यावर डोके ठेवून. नागवेकरांनी तो थंड वडा स्वरूपच्या हातातून घेतला आणि स्वतः खाऊन टाकला. कोणतीही चौकशी न करता.

लग्न ठरले. समिती मात्र बरखास्त झाली नाही, कारण दिवा विझल्यामुळे चौकशी अपूर्ण राहिली होती. तिची बैठक अजून भरते आणि नागवेकर अजून तिचे अध्यक्ष आहेत.

हसून झाले असेल तर आता खिशातला फोन काढा. त्यावर लाल ठिपके आहेत, त्यात आकडे आहेत, आणि ते कशाचे हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, म्हणून तुम्ही ते उघडून बघितलेले नाहीत. त्यातला एखादा निरोप कोणीतरी फलाटावर बसून पाठवलेला असू शकतो. गाडीची वेळ नागवेकरांना निदान नंतर तरी कळली.