सुर्वे सरांचा व्हेटो

आमच्या बिल्डिंगीच्या सभेत कुणी काहीही सुचवलं, की मागच्या खुर्चीतून एक हात वर जायचा आणि आवाज यायचा, "व्हेटो!" जिन्याला पिवळा रंग? व्हेटो. गच्चीवर पत्रा? व्हेटो. एकदा चेअरमन मयेकरांनी नुसतं "चहा घेऊया काय?" विचारलं, तर डुलकी लागलेले सर दचकून "व्हेटो" म्हणाले. नंतर चहा मात्र दोनदा घेतला.

हे सुर्वे सर माझ्या समोरच्याच दारात राहतात. रत्नागिरीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण खोड काही गेली नाही. मी बिल्डिंगीची सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी तयार होईना. त्यामुळे माझा तास रोजचा!

"लॅटिन शब्द आहे, बाई. व्हेटो म्हणजे 'मी मनाई करतो'. रोममध्ये गोरगरिबांनी आपली माणसं निवडली होती. सरदारांनी कुणावर अन्याय केला, की त्यातला एक मध्ये पडायचा आणि सगळं थांबवायचा. पण घरबसल्या नाही हां! स्वतः जाऊन उभं राहावं लागे."

"आणि ते आताचे युनोतले पाच बडे देश?" मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"वाट लावली त्यांनी त्या शब्दाची! दुसऱ्याला वाचवायला होता तो. हे स्वतःला वाचवतात!" सर इतके तापले, की तो सबंध दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या नियमांत व्हेटोबिटो काही नाही. पण सरांशी वाद घालायचा म्हणजे रोमपासून सुरुवात. त्यापेक्षा विषय पुढच्या सभेवर ढकललेला बरा, असं आमचं चाललं होतं.

घरात मात्र सरांची डाळ शिजत नसे. "रोमचा व्हेटो वेशीबाहेर फार लांब चालत नसे," ते म्हणत, "माझा उंबऱ्याच्या आत चालत नाही." लगेच आतून काकी ओरडत, "पुरे झालं रोम! बांगडे साफ करायचे आहेत!" आणि सर निमूट उठत.

त्या काकी हळूहळू सगळं विसरायला लागल्या. आधी गॅस, मग माणसांची नावं, मग सर कोण तेही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सर अंघोळीला गेले असताना त्या घरातल्या रबरी स्लिपर घालून बाहेर पडल्या, त्या आल्याच नाहीत. आम्ही सगळी रत्नागिरी पालथी घातली. पोलीस झाले, खाडीत होड्या फिरल्या. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत एक निळी स्लिपर तेवढी सापडली.

वर्षभराने खेडहून पुतण्या आला. "काका, आता काकीचं दिवसकार्य उरकूया. लोक विचारतात ओ."

सरांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, "असली स्लिपर अर्ध्या रत्नागिरीच्या पायात आहे. व्हेटो."

मी दारात उभी होते. हसावं की रडावं, मला कळेना.

मग यंदा बिल्डिंगीत चोऱ्या झाल्या. मयेकर ठरवूनच सभेला आले. कंपाउंडला लोखंडी गेट, रात्री कुलूप आणि घराघरात एकेक चावी.

"व्हेटो!" सर म्हणाले. "रोममध्ये गोरगरिबांनी निवडलेल्या त्या माणसांच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं. अडल्यानडल्याला कधीही आत येता यावं म्हणून. तसा नियमच होता."

"रोमात चोर नव्हते काय ओ?" मयेकर कावले. "माझ्या सुनेचं मंगळसूत्र गेलं, सर! आज तुमचं काही ऐकायचं नाही. बाई, मतं घ्या."

हात वर झाले. माझाही झाला. घरात मी एकटी असते, मला भीती वाटते.

सर उठून उभे राहिले. हात वर केला. शेवटी हात खाली घेऊन मयेकरांना एवढंच म्हणाले, "ती जाताना चावी घेऊन गेलेली नाही ओ."

मयेकर जमिनीकडे बघत बसले. पण ठराव झालेला होता, आणि महिन्याभरात गेट बसलं.

त्यानंतर सर व्हेटो म्हणाले नाहीत. परवा मयेकरांनी पिवळ्या रंगाचा विषय पुन्हा काढला आणि आम्ही सगळे सवयीने मागे वळलो. "करा," सर म्हणाले. मयेकरांचा चेहरा पडला.

हल्ली गेटला कुलूप लागायच्या आधी सर खुर्ची घेऊन खाली उतरतात. पहाटे मी दूध आणायला निघते तेव्हाही ते गेटच्या आत, मफलर गुंडाळून, चावी मुठीत धरून बसलेले असतात.

आज मला राहवलं नाही. "सर, छातीत कफ झालाय तुमच्या. वर चला बघू. काकी आल्या तर बेल वाजवतील ना!"

"तिला बेल कुठे आठवणार?" ते म्हणाले. "घरबसल्या व्हायचं नाही हे, बाई."

सरांनी उठून कुलूप काढून दिलं. मी रस्त्यावर येऊन मागे बघितलं, तर त्यांनी गेट सताड उघडं करून ठेवलं होतं.