तिरफळाचे दात आणि आईचा श्रावण

कुत्र्याच्या तोंडाच्या वासावर मी स्वतः रामबाण उपाय शोधून काढला! डॉक्टर नाही, औषध नाही, भुलीचं इंजेक्शन नाही. श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी मी बायकोला किचनमध्ये गाठून हे जाहीर केलं.

"कच्ची हाडं! कोंबडीच्या मानेची! कुत्रा कडाकडा चावतो, दात आपोआप घासले जातात, वास गायब! तीन व्हिडिओ बघितलेत मी."

"तीन?" श्रुतिका म्हणाली. "मग काय, डॉक्टरच झालास तू."

माणूस कर्तृत्ववान असला की घरचेच आधी टोमणे मारतात. मी दुर्लक्ष केलं, कारण प्रश्न तिरफळच्या भवितव्याचा होता.

तिरफळ म्हणजे आमचा कुत्रा. माशांच्या आमटीतल्या तिरफळासारखाच काळा, खरखरीत, दिसायला फालतू पण असल्याशिवाय घराला चव नाही, म्हणून हे नाव. मुलुंडच्या बस डेपोबाहेर पिल्लू होता तेव्हा मी त्याला शर्टात घालून घरी आणला. माझा त्याच्यावर फार जीव. ऑफिसात साहेबानं झापलं की संध्याकाळी मी ते बायकोला नाही, तिरफळला सांगतो. तो पूर्ण ऐकून घेतो. फक्त हल्ली तो जवळ बसून श्वास सोडायला लागला की मलाच विषय आवरता घ्यावा लागायचा. तो वास! आणि श्रावण लागल्यापासून तर जास्तच!

आठवड्यापूर्वी माझ्या आईनं निकाल दिला होता. आई मूळची मालवणकडची. मुंबईत चाळीस वर्षं काढली, पण राग आला की मालवणीतच येतो.

"गणपतीक घरात इतकी माणसां येतली! त्याच्या आधी ह्येच्या तोंडाचो वास जाऊक होयो. नाय तर ह्येका गुणाजीवांगडा गावाक धाडतलंय!"

गुणाजीमामा म्हणजे आईचा भाऊ, राहायला मानखुर्दला. गणपतीला तो गाडी करून गावी जाणार होता आणि त्या गाडीत तिरफळची जागा आईनं आत्ताच धरून ठेवली होती.

आता गोम बघा. उपाय कोंबडीचा, मुदत गणपतीपर्यंतची, आणि मध्ये अख्खा श्रावण! आमच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. सुक्या मासळीचा डबासुद्धा आईनं दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेला. मी भीत भीत विचारून बघितलं होतं, "आई, कुत्र्याला चालत असेल ना गं?"

"माझ्या घरात ऱ्हवता मा? मगे ह्येकापण श्रावण!"

संपला विषय. म्हणजे जे काही करायचं ते चोरून.

"मी काही ऐकलेलं नाही आणि मला काही माहीत नाही," श्रुतिका म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

चिकनवाला अर्धं शटर ओढून बसला होता. मला बघून तो खुलला. "काय हर्षदभाऊ, तुटला का श्रावण?"

"अरे, कुत्र्यासाठी पाहिजे!"

"हां हां. सगळे हेच बोलतात," असं म्हणून त्यानं डोळा मारला आणि माना बांधून दिल्या. त्या मी खोबऱ्याच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये पार तळाला सरकवल्या.

दुपारी आई आडवी झाली. मी तिरफळला बाथरूममध्ये घेतलं, दार लावलं आणि एक मान त्याच्यासमोर धरली. "चाव राजा, कडाकडा!"

तिरफळनं मान हुंगली. माझ्याकडे बघितलं. पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रहाचा लाडू वाढल्यावर होतो, तसा चेहरा! शेवटी माझं मन राखायला त्यानं ती अलगद तोंडात धरली आणि नुसता उभा राहिला. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब! मी दार उघडून गॅलरीत पळालो. परत येतो तर तिरफळ शेपटी हलवत उभा, तोंड रिकामं.

"खाल्लीस? हाडासकट? शाब्बास रे वाघा!" मी त्याला मिठी मारली. वास होताच, पण कमी झाल्यासारखा वाटला. श्रद्धा, दुसरं काय!

पाच वाजता आईच्या खोलीतून किंकाळी आली.

"हर्षदा! करणी! करणी केल्यान रे कोणीतरी! माझ्या उशीखाली कोंब्याची मान!"

खरं सांगावं तर श्रावण मोडल्याचा गुन्हा, आणि तिरफळ थेट गाडीत! मी तोंड उघडलं, पण आतून निघालं ते भलतंच. "कोण असेल गं?"

"कोण म्हंजे? समोरची!"

समोरच्या म्हणजे इरावतीकाकू. त्या आणि आई एकेकाळी जिवाभावाच्या मैत्रिणी. रोज एकीची वाटी दुसरीच्या घरी. पण काकूंनी पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवला, तो चार बोटं आमच्या दाराकडे आला, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद!

"आई, त्या कशाला असं करतील?" श्रुतिका म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पंख्याकडे बघायला लागलो.

शहाण्या माणसानं इथेच थांबायला हवं होतं. पण म्हटलं, एका दिवसात दात कसे घासले जातील? रविवारी सकाळी तिरफळला दुसरी मान दिली. या वेळी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पण नेमका कचरेवाला आला, श्रुतिकानं दार उघडलं, आणि तिरफळ मान घेऊन पॅसेजमध्ये सटकला! मी मागे धावलो तोवर तो तोंड रिकामं करून परत येत होता.

मी शोधायला लागणार, एवढ्यात इरावतीकाकू देवळात जायला बाहेर आल्या. त्यांनी चप्पल घातली.

"आई गं!!"

काकूंनी आईला नावानं हाक मारली आणि पुढचं अख्ख्या विंगनं ऐकलं. "मालनताई! स्टँडवरून भांडलात, ठीक आहे! पण माझ्या चपलेत कोंबडीची मान? श्रावणात?"

"मी? गो बाय, तूच माझ्या उशीखाली ठेवलंस! वर माकाच बोलतस?"

"मी तुमच्या घरात पाऊल तरी टाकलंय का इतक्यात?"

"मगे करणी करूक घरात येऊक लागता?"

दोघी अशा कडाडल्या की लिफ्टमधून आलेली माणसं परत लिफ्टमध्ये गेली. माझी पूर्ण वाट लागली होती. आई रडत होती, काकू रडत होत्या, आणि तिरफळ दोघींच्या मध्ये बसून आळीपाळीनं दोघींचे पाय चाटत होता.

देवाला गाऱ्हाणं घालून करणी उतरवायला भावाला बोलवायचं म्हणून आईनं मानखुर्दला फोन लावला. सोमवारी संध्याकाळी गुणाजीमामा नारळ घेऊन हजर! दोन दारांच्या बरोब्बर मधोमध त्यानं पान-सुपारी मांडली. इरावतीकाकू "माझ्या मनात पाप नाही, मी उभी राहणार," म्हणत समोर येऊन उभ्या राहिल्या. जिन्यावर सगळी विंग. मामानं डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांच्या दारात जा काय वाकडा-तिकडा इला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. माझा आवाज सगळ्यात मोठा.

"दोन घरांत जो काय कली शिरलो आसात, तेका बाहेर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या कोणी ह्या काम केल्यान आसात, तेका आत्ताच्या आत्ता हयसर हजर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

घरातून तिरफळ आला. तोंडात मान. मी वॉशिंग मशीनमागे वितळायला ठेवलेली, तिसरी! सगळ्यांमधून शांतपणे वाट काढत तो पुढे आला, मामाच्या नारळाशेजारी मान ठेवली आणि बाजूला बसला.

मामानं एक डोळा उघडला. चाळीस वर्षं गाऱ्हाणी घालतोय, पण इतक्या झटपट कोणी हजर झालं नव्हतं. "देवा म्हाराजा..." तो पुटपुटला आणि पुढचं विसरला.

आईनं मानेकडे बघितलं. कुत्र्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हर्षदा?"

मी सगळं ओकलो. व्हिडिओ, माना, खोबऱ्याचा डबा, सगळं!

आधी इरावतीकाकू हसल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून! त्यांना बघून आईही हसायला लागली, आणि दोघी एकमेकींना धरून पॅसेजमध्येच बसल्या. बोलायला लागल्या त्या एका विषयावर एकमत होऊन. विषय म्हणजे माझी अक्कल. मला वाईट वाटलं नाही. आईला काकूंच्या खांद्यावर हात टाकून बसलेलं कित्येक महिन्यांनी बघत होतो.

पण डोळे पुसून आई उठली. "श्रावण बाटयलंस तो बाटयलंस. वास काय गेलो नाय. गुणाजी, कुत्रो गाडीत."

मी तिरफळला जवळ ओढलं. "आई, एकदा डॉक्टरला दाखवू दे. एकदाच. ते म्हणाले काही होणार नाही, तर मीच त्याला गाडीत बसवतो."

"मी पण येतलंय. माझ्या कानांनी ऐकतलंय."

मंगळवारी आम्ही सगळे पवईला, प्राण्यांच्या डॉक्टर नीलमकडे. त्यांनी माझा उपाय शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"कच्च्या हाडानं दात तुटतो, घशात अडकतं, जंतू पोटात जातात ते वेगळेच. नाही खाल्लं ते बरं झालं. तुमच्यापेक्षा कुत्रा हुशार आहे."

"तेच मी म्हणते," श्रुतिका म्हणाली.

डॉक्टरांनी तिरफळचं तोंड उघडलं, टॉर्च मारला, चिमटा आत घातला आणि दाढेतून काहीतरी ओढून काढलं. वास अख्ख्या खोलीत पसरला.

"सापडलं! दात चांगले आहेत, गावाला पाठवायची काही गरज नाही. रोज ब्रश करा, वास जाईल. फक्त याला सुके बांगडे देणं बंद करा. काटे अडकून कुजतात. हा तर ताजा आहे, कालपरवाचा!"

मी श्रुतिकाकडे बघितलं, श्रुतिकानं माझ्याकडे. मला माळ्यावरचा दोरी बांधलेला डबा आठवला. दुपारी आम्ही ऑफिसात असताना घरी कोण असतं, तेही आठवलं. मग आम्ही दोघांनी, आणि तिरफळनंसुद्धा, आईकडे बघितलं.

आई भिंतीवरचं मांजराचं चित्र फार लक्ष देऊन बघत होती.

"आई," मी म्हणालो, "श्रावणात?"

आईनं पदर खोचला, तिरफळला टेबलावरून उचलून काखेत मारला आणि दाराकडे निघाली.

"मगे काय झाला? कुत्र्याक कसलो रे श्रावण!"