खोकलो म्हंजी मी

आमचे शेजारी बबनतात्या प्रत्येक वाक्याआधी खोकतात. छाती ठणठणीत आहे. "खोकलो म्हंजी मी. न्हाईतर कंपनी," असं त्यांचं म्हणणं.

भानगड अशी. चाकणजवळच्या आमच्या गावात लग्न असो, जत्रा असो, माईक तात्यांचाच. निवडणूक आली तशी शेजारच्या कारखान्याने त्यांना गाडीतून पिंपरीला नेलं, बंद खोलीत दुपारभर बोलायला लावलं आणि शाल देऊन परत आणून सोडलं. पुढचं सगळं कॉम्प्युटरने केलं. आता प्रचाराच्या रिक्षा रोज नवंनवं बोलतात, तेही तात्यांच्या आवाजात. उमेदवार दोन्ही बाजूंचे, खर्च कारखान्याचा. एकदा दोन रिक्षा बोळात समोरासमोर अडकल्या आणि तात्या तात्यांशीच भांडत राहिले. खरे तात्या माझ्या ओट्यावर तोंड मिटून चहा पीत होते.

माझी फजिती आणखी वेगळी. दाढी करताना मागून "राम राम, भाऊ!" ऐकू आलं. "या तात्या, चहा टाकतो," म्हणून वळलो, तर दारात रिक्षा. बायको आतून म्हणाली, "तिला साखर किती?"

मग कारखान्याने ट्रक लावायला ओढ्याकाठचं स्मशान मागितलं. तात्यांच्या बायकोला तिथेच अग्नी दिलेला. तात्यांनी तिथे एक दगड ठेवलाय.

ग्रामसभेत तात्या उठले, खोकले. "मंडळी, ती जागा देऊ नका."

"सकाळी तर रिक्षात म्हनत व्हता, द्या म्हनून!" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्यो मी न्हाई!"

"मग ह्यो कोन?"

सभा खदाखदा हसली. मीही हसलो, मेलं हसू आवरेना. सरपंच म्हणाले, "बोलू द्या राव. बोलायचा हक्क सगळ्यांना हाय. कंपनीलाबी." निर्णय पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत ओढ्यावर गेलो. तात्या दगडापुढे उभे होते. खोकले. "मी आलोय गं."

तेवढ्यात रस्त्यावर कुणीतरी खोकलं.

तसंच. कोरडं, दोनदा. मग लाऊडस्पीकर बोलू लागला, "मंडळी, ओढ्याकाठची जागा..."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. रिक्षा वळणाआड गेली. "बोला ना तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खाली बसले, दगडावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"हात वळखंल ती," ते पुटपुटले. न खोकता.